आयोगावर बसायचंय? अर्ज करा!

सरकारी नोकरीसाठी अर्ज करणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये डबा खाऊन दिवस काढणारी मुलं, तलाठी भरतीच्या रांगा, हॉल तिकिटाचे झेरॉक्स, सगळं आपल्या ओळखीचं. पण एखाद्या सरकारी आयोगाचा सदस्य होण्यासाठी कोणी अर्ज केल्याचं तुम्ही ऐकलंय का? शिपायाच्या जागेसाठी जाहिरात येते, परीक्षा होते, यादी लागते. आयुक्ताच्या जागेसाठी मात्र एक दिवस सकाळी पेपरात थेट नाव छापून येतं. "अमुक यांची नियुक्ती." बस्स. हे अमुक कुठून आले, आणखी कोणाचा विचार झाला होता, यांनाच का घेतलं, काहीच कळत नाही.

गेले काही शनिवार-रविवार मी याच्या मागे लागलो होतो. याला कारण माझी मावशी, पण तिच्याकडे नंतर येतो. आधी थोडा इतिहास.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात हिंदुस्थानातल्या मोठ्या नोकऱ्या लंडनमधल्या संचालकांच्या खिशात असत. प्रत्येक संचालकाच्या वाट्याला ठराविक नेमणुका येत आणि त्या भाचे-पुतणे, मित्रांची मुलं यांना वाटल्या जात. १८५३ च्या सनदी कायद्याने हा वशिला संपवला, मेकॉलेच्या समितीने परीक्षेचा आराखडा दिला आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली खुली स्पर्धा परीक्षा झाली. पुढे प्रश्न आला की परीक्षा घेणार कोण? मग १ ऑक्टोबर १९२६ ला दिल्लीत लोकसेवा आयोग स्थापन झाला, १९३७ मध्ये मुंबई-सिंध लोकसेवा आयोग आला आणि १९६० मध्ये आपला एमपीएससी.

गंमत बघा. उमेदवाराची निवड वशिल्याने होऊ नये म्हणून आयोग नेमला, पण त्या आयोगावर कोण बसणार हे मात्र नेमणुकीनेच ठरत राहिलं. परीक्षा देणाऱ्याला नियम, परीक्षा घेणाऱ्याला मर्जी. राज्यघटनेच्या ३१६ व्या कलमात लोकसेवा आयोगाच्या सुमारे निम्म्या सदस्यांना दहा वर्षांच्या सरकारी सेवेचा अनुभव हवा असं म्हटलं आहे. उरलेल्या निम्म्यांबद्दल घटना फारसं काही बोलत नाही. जाहिरात द्या, अर्ज मागवा, असं तर कुठेच नाही. घटनाकारांनी राज्यकर्त्यांच्या विवेकावर भरवसा ठेवला होता. त्या भरवशाचं काय झालं हे मी सांगायला नको.

अर्ज करून आयोगावर जाता येतं ही कल्पना आपल्याकडे खऱ्या अर्थाने रुजायला लागली ती माहिती आयोगाच्या निमित्ताने. आणि हा प्रवास चांगलाच रंजक आहे.

माहिती अधिकाराची मुळं राजस्थानातल्या दुष्काळी कामांवर आहेत. मजूर दिवसभर राबायचे आणि हजेरीपटावर भलतीच नावं, भलतेच आकडे निघायचे. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह यांच्या मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात कोट किराना गावी जनसुनावणी घेऊन हे हिशेब सगळ्यांसमोर वाचून दाखवले. १९९६ मध्ये ब्यावर गावात ४० दिवस धरणं झालं. मागणी एकच, कागद दाखवा. तमिळनाडू आणि गोव्याने १९९७ मध्ये आपापले कायदे केले. महाराष्ट्रात अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर जरा दात असलेला कायदा आला. त्यासाठी त्यांना ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसावं लागलं होतं. आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभराचा कायदा लागू झाला.

या कायद्याची रचना आपल्यासारख्या लोकांना लगेच कळेल अशी आहे. माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, त्याला ३० दिवसांची मुदत. उत्तर नाही मिळालं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, त्यालाही ३० दिवस, फार तर ४५. तिथेही पदरी काही पडलं नाही तर माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोग अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार रुपये दंड करू शकतो, तोही त्याच्या स्वतःच्या खिशातून. म्हणजे सगळ्या यंत्रणेचा धाक या शेवटच्या पायरीवर आहे. आणि नेमकी इथेच मेख आहे. खालच्या दोन पायऱ्यांना मुदत आहे, आयोगाला नाही. दुसरं अपील किती दिवसांत निकाली काढायचं हे कायद्यात लिहिलेलंच नाही. त्यामुळे आयोगाच्या खुर्चीत कोण बसतं, आणि मुळात कोणी बसतं की नाही, यावर सगळं अवलंबून.

आता कायदा कोणाला खुर्चीत बसवायला सांगतो? कलम १२ (केंद्रासाठी) आणि कलम १५ (राज्यांसाठी) उघडून बघा. मुख्य आयुक्त एक आणि आयुक्त जास्तीत जास्त दहा. 'सार्वजनिक जीवनातली प्रतिष्ठित व्यक्ती' हवी आणि तिला कायदा, विज्ञान व तंत्रज्ञान, समाजसेवा, व्यवस्थापन, पत्रकारिता, जनमाध्यमं किंवा प्रशासन यातलं व्यापक ज्ञान आणि अनुभव हवा. सात क्षेत्रं झाली. त्यात प्रशासन सगळ्यात शेवटी आहे, आणि विज्ञान-तंत्रज्ञान दुसऱ्या नंबरवर! निवड करणार तिघांची समिती. केंद्रात पंतप्रधान, लोकसभेतले विरोधी पक्षनेते आणि पंतप्रधानांनी नेमलेला एक मंत्री. राज्यात मुख्यमंत्री, विधानसभेतले विरोधी पक्षनेते आणि मुख्यमंत्र्यांनी नेमलेला एक मंत्री. वयाची खालची अट नाही, वरची ६५. परीक्षा नाही, पदवीची अट नाही.

वाचायला किती छान वाटतं. पण सुरुवातीच्या वर्षांत नावं ठरत ती जुन्याच पद्धतीने. पहिले मुख्य माहिती आयुक्त वजाहत हबीबुल्ला हे सनदी अधिकारी होते. काम त्यांनी नेटाने केलं, त्याबद्दल वाद नाही. अधूनमधून खिडकी उघडायचीही. पुण्याला विजय कुवळेकरांसारखे पत्रकार राज्य माहिती आयुक्त झाले. २००८ मध्ये मुंबईचे शैलेश गांधी केंद्रीय माहिती आयुक्त झाले. हा आयआयटी मुंबईचा इंजिनियर, स्वतःचा धंदा विकून माहिती अधिकाराच्या कामाला लागलेला. टेबलाच्या अलीकडे बसून ज्याने ढिगाने अर्ज केले तो माणूस टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला. तिथे त्यांनी कार्यालयाचा कारभार कागदावरून संगणकावर आणला आणि प्रकरणं निकाली काढायचा सपाटा लावला. पुढे २०१३ मध्ये श्रीधर आचार्युलू हे कायद्याचे प्राध्यापक आले. पण हे अपवाद. नियम म्हणजे ३१ तारखेला सचिव म्हणून निवृत्त आणि पुढच्या काही दिवसांत आयुक्त.

दरम्यान न्यायालयात दोन-तीन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. पहिली, ३ मार्च २०११. केंद्रीय दक्षता आयुक्तांची नेमणूक सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज यांनी निवड समितीत विरोध नोंदवला होता, तरीही ती नेमणूक झाली होती. न्यायालयाने म्हटलं की प्रश्न एका माणसाच्या सचोटीचा नाही, त्या संस्थेच्या सचोटीचा आहे. आणि समितीसमोर सगळे महत्त्वाचे कागद ठेवलेच गेले नव्हते. मला यातला दुसरा मुद्दा फार मोठा वाटतो. समितीवर कितीही मोठी माणसं असली तरी त्यांना दिसतं ते फाईलमध्ये असेल तेवढंच. म्हणजे खरी निवड फाईल बनवणाऱ्याच्या टेबलावर होते. आपल्या भाषेत सांगायचं तर इनपुटच गाळून आलं असेल तर फंक्शन कितीही चांगलं लिहा, उत्तर ठरलेलंच. या निकालात असंही सांगितलं गेलं की यापुढे विचार फक्त सनदी अधिकाऱ्यांपुरता मर्यादित ठेवू नका.

दुसरी गोष्ट, नमित शर्मा प्रकरण. सप्टेंबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की माहिती आयोग हा न्यायालयासारखा असल्याने प्रत्येक खंडपीठावर दोन सदस्य हवेत आणि त्यातला एक न्यायिक पार्श्वभूमीचा हवा. म्हणजे बाबूंच्या जागी आता निवृत्त न्यायाधीश! पुनर्विचारात, ३ सप्टेंबर २०१३ ला, न्यायालयाने स्वतःच ही अट मागे घेतली. मात्र जाता जाता दोन कामाच्या गोष्टी सांगितल्या. सगळ्या क्षेत्रांतल्या माणसांचा विचार व्हायला हवा, आणि समितीने ज्याचं नाव सुचवलं त्याच्या नावापुढे तो 'प्रतिष्ठित' कसा याची माहिती लिहायला हवी. शिवाय एक गैरसमज दूर केला. कायद्यात म्हटलंय की आयुक्ताचा कुठल्याही पक्षाशी संबंध नसावा, धंदा किंवा व्यवसाय चालू नसावा. याचा अर्थ नोकरी-धंदा करणाऱ्याने अर्जच करू नये असा नाही. निवड झाली की ते सोडायचं, इतकंच.

तिसरी गोष्ट सगळ्यात बोलकी. ऑगस्ट २०१४ मध्ये मुख्य माहिती आयुक्त निवृत्त झाले आणि पुढच्या जूनपर्यंत, म्हणजे नऊ-दहा महिने, केंद्रीय आयोगाला प्रमुखच नव्हता. कोणत्या तारखेला कोण निवृत्त होणार हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं, तरी ही स्थिती. पुढेही जागा रिकाम्या राहत गेल्या. शेवटी अंजली भारद्वाज, लोकेश बात्रा आणि अमृता जोहरी सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै २०१८ मध्ये केंद्राने चार आयुक्तांसाठी जाहिरात दिली. जाहिरातीत पगार आणि मुदत लिहिलेली नव्हती, ते नेमणुकीच्या वेळी कळवू म्हणे! (जॉब डिस्क्रिप्शनमध्ये पॅकेज न लिहिणाऱ्या कंपन्यांना आपण उगाच नावं ठेवतो.) तरीही २८० लोकांनी अर्ज केले.

२८०! मला हा आकडा वाचून बरं वाटलं होतं. कोण असतील हे लोक? वकील असतील, प्राध्यापक असतील, गावोगावी माहितीचे अर्ज करून हैराण झालेले कार्यकर्ते असतील. कोणीतरी आपल्यासारखा, रात्री जेवण झाल्यावर तो नमुना भरत बसला असेल.

आता गाळणी बघा. शोध समितीने १४ नावं निवडली. त्यातले १३ निवृत्त सरकारी अधिकारी आणि एक निवृत्त न्यायाधीश. जानेवारी २०१९ मध्ये नेमलेले चारही सरकारी सेवेतले. आणि कळस म्हणजे चौघांपैकी एकाने अर्जच केलेला नव्हता. २८० जणांनी रांगेत उभं राहायचं आणि एकाने मागच्या दाराने येऊन पुढे बसायचं, असा हा प्रकार.

१५ फेब्रुवारी २०१९ ला न्यायमूर्ती सिक्री आणि न्यायमूर्ती नझीर यांच्या पीठाने निकाल दिला. त्यात स्पष्ट म्हटलं की निवडलेले सगळे एकाच वर्गातले आहेत, शोध समितीही त्याच वर्गातली आहे आणि आपल्या माणसांकडे असलेला हा कल उघड दिसतो. यापुढे जागा रिकामी होण्याच्या एक-दोन महिने आधी प्रक्रिया सुरू करा, शोध समितीत कोण आहे आणि निकष काय हे संकेतस्थळावर टाका, जाहिरातीत सेवाशर्ती लिहा. पण झालेल्या नेमणुका रद्द केल्या नाहीत. त्याच वर्षी जुलैमध्ये संसदेने कायदा बदलला. आयुक्तांची पाच वर्षांची हमखास मुदत गेली, मुदत आणि पगार ठरवणं केंद्र सरकारच्या हाती आलं, आणि ऑक्टोबरात नियम आले: मुदत तीन वर्षं. राज्यांच्या आयुक्तांचीसुद्धा. जानेवारी २०२५ मध्ये याच विषयावर सुनावणी झाली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा तोच प्रश्न विचारावा लागला, की फक्त एकाच वर्गातली माणसं कशी काय?

आता मावशी. माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिक्षिका होती. निवृत्तीनंतर तिच्या वेतननिश्चितीत घोळ निघाला आणि पेन्शन कमी बसली. सेवापुस्तकाची नक्कल मिळावी म्हणून तिने एका कार्यालयात माहितीचा अर्ज केला. (कार्यालयाचं नाव इथे घेत नाही.) उत्तर नाही. पहिलं अपील केलं, सुनावणी झाली, 'माहिती द्यावी' असा आदेशही निघाला, पण माहिती काही आली नाही. दुसरं अपील केलं आणि मग शांतता. वर्ष गेलं, दुसरं गेलं. चौकशी केली तर कळलं, खंडपीठाची जागा रिकामी आहे, दुसऱ्या खंडपीठाच्या आयुक्तांकडे अतिरिक्त कार्यभार आहे, क्रमाने नंबर येईल. २०२३ च्या मध्याला महाराष्ट्रात लाखाच्या वर अपिलं आणि तक्रारी तुंबल्या होत्या, देशात सगळ्यात जास्त. मावशीचं अपील त्या ढिगात कुठेतरी होतं. झारखंडात तर मे २०२० नंतर कित्येक वर्षं आयोगावर एकही आयुक्त नव्हता. तिथे अपील करायचं म्हणजे विहिरीत चिठ्ठी टाकायची.

मी फोनवर चिडून बोलत होतो, की हे सगळे निवृत्त साहेब लोक एकमेकांना सांभाळून घेतात वगैरे. मावशी म्हणाली, "अरे, असं सरसकट नको बोलूस. सरकारी माणसाला फाईल कळते. कुठला कागद कुठे दडवतात हे त्यालाच ठाऊक. मी स्वतः सरकारीच की!"

"मग सगळे सरकारीच असू देत म्हणतेस?"

"नाही रे. शाळेत पेपर तपासायला आम्ही दुसऱ्या शाळेचे मास्तर बोलावायचो. आपली पोरं वाईट असतात म्हणून नाही, आपला डोळा सवयीचा होतो म्हणून." मग जरा थांबून म्हणाली, "एवढं सगळं वाचलंयस तर तूच का नाही करत अर्ज?"

मी हसलो. पण फोन ठेवल्यावर प्रश्न डोक्यात राहिला. कायद्याने मला कोणी अडवलेलं नाही. अडवते ती 'प्रतिष्ठित व्यक्ती' ही दोन शब्दांची अट, आणि बारा-चौदा वर्षं कोड लिहून 'सार्वजनिक जीवनात' काही प्रतिष्ठा मिळत नाही हे मला मान्य आहे. :-) म्हणजे आज मी अर्ज केला तर तो गमतीचा ठरेल. पण मला ओळखीची तीन-चार माणसं लगेच आठवली, ज्यांचा अर्ज गमतीचा ठरणार नाही. वीस वर्षं ग्राहक न्यायालयात लोकांची कामं फुकट करणारी एक वकील बाई. विद्यापीठाची सगळी जुनी कागदपत्रं संगणकावर आणणारा एक ग्रंथपाल. धरणग्रस्तांच्या जमिनींचे सातबारे तोंडपाठ असलेला एक कार्यकर्ता. यातल्या एकालाही माहीत नव्हतं की अशी जाहिरात निघते, तिच्यासोबत अर्जाचा नमुना असतो आणि तो कोणीही भरू शकतं. वकील बाई तर म्हणाल्या, "अर्ज? मला वाटायचं वरून फोन यावा लागतो."

तुम्ही म्हणाल, २८० जणांनी अर्ज करून काय मिळवलं? प्रश्न बरोबर आहे. पण माझं उत्तर असं: ते २८० अर्ज नसते तर सर्वोच्च न्यायालयासमोर दाखवायला काय होतं? 'योग्य उमेदवारच मिळत नाहीत' हे सरकारचं ठरलेलं उत्तर त्या २८० कागदांनी खोटं पाडलं. ते होते म्हणूनच १४ जणांची यादी एकाच रंगाची आहे हे डोळ्यात भरलं. अर्ज न करताच आत आलेला माणूस तेव्हाच ठळक दिसतो, जेव्हा अर्ज केलेले लोक बाहेर उभे असतात. १८५३ च्या आधी संचालकांचे भाचे कोणाला खुपले नाहीत, कारण नाकारलेल्यांची यादीच नव्हती. यादी तयार झाली की निवडीला कारण द्यावं लागतं, आणि कारण द्यावं लागलं की मर्जीला थोडी तरी वेसण बसते. शिवाय ज्याचा अर्ज नाकारला त्याला का नाकारला हे विचारता येतं. कोणत्या कायद्याखाली, ते सांगायला हवं का?

मावशीच्या अपिलाची तारीख शेवटी लागली. सेवापुस्तकाची नक्कल मिळाली, त्यात दोन वेतनवाढींच्या नोंदी राहून गेल्याचं निघालं आणि आता वेतननिश्चितीची फाईल दुसऱ्या एका टेबलावर आहे. मावशी ७१ वर्षांची आहे. तिच्याबरोबर निवृत्त झालेल्या, हाच घोळ झालेल्या आणखी दोन बाई होत्या. त्यातल्या एकीच्या अपिलाची तारीख लागली तेव्हा सुनावणीला तिचा मुलगा गेला.

तेव्हा पुढच्या वेळी अशी जाहिरात निघाली की ती नुसती वाचून सोडून देऊ नका. सामान्य प्रशासन विभागाच्या पानावर, पेपरात कोपऱ्यात, कुठेतरी ती असते आणि मुदत थोडीच असते. तुम्ही स्वतः त्यात बसत नसाल तर तुमच्या ओळखीत कोण बसतं ते आठवा, त्यांना पाठवा, अर्ज भरायला मदत करा. मी वकील बाईंचा अर्ज टाईप करून ठेवलाय. फक्त तारीख घालायची बाकी आहे.